सोनाबाईच्या डोळ्यांवरची जाळी

सोलापूर,
रविवार, ४ फेब्रुवारी १९७३

प्रिय हरिदासदादास,
सप्रेम जयभीम.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. ती आधी दुरुस्त करते, नाहीतर पुढचं काही सुचणार नाही.

मी लिहिलं होतं की वैरागच्या दुष्काळी खडीच्या कामावर सोनाबाईने आपण दिलेली डोळ्यांवरची जाळी कपाळावर सरकवली, शेजारणीशी बोलायला मान वळवली आणि तेवढ्यात हातोडी डाव्या हाताच्या बोटावर बसली. तसं झालेलं नाही. जाळी तिच्या डोळ्यांवरच होती. नाडीची गाठसुद्धा पक्की होती. मला मुकादम तात्याबाने सांगितलं, मी त्याच दिवशी तुला लिहून टाकलं. तो त्या वेळी कुठे होता, हे विचारायचं मला सुचलं नाही.

काल मी सोनाबाईच्या घरी गेले होते. बोटाला चिंधी बांधून ती दारात बसली होती. मी म्हटलं, जाळी काढायला नको होती हो. ती ताडकन म्हणाली,

"कुणी सांगितलं तुला, म्या जाळी काडली म्हून?"

"तात्याबा म्हणाला."

"त्यो व्हता कुटं तितं? टँकरच्या सावलीला इडी वडत बसला व्हता की!"

मग तिने सगळं सांगितलं. सकाळच्या गारव्यात बरं दिसतं. ऊन चढलं की घाम येतो, घामावर दगडाची भुकटी बसते आणि जाळीची सगळी भोकं बुजतात. "जाळीचं कापड होतंय बग. दगूड दिसंना, हात दिसंना. अंदाजानं मारती हातोडी. बसली बोटावर."

"मग तेव्हा काढायची ना."

"तूच सांगून गेलतीस की, काय बी झालं तरी काडू नगा. आन बजाबाईचा डोळा म्या बगितला हाय."

दादा, खरंच मीच तसं सांगितलं होतं. डिसेंबरात बजाबाईच्या, म्हणजे आपल्या आत्याच्या, डाव्या डोळ्यात दगडाची कपची गेली, त्याच आठवड्यात मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर या जाळीचं पहिलं चित्र काढलं. दोन वाट्या, मागे नाडी. तू रेल्वेच्या वर्कशॉपमधून सुटल्यावर पत्र्याची कड वळवलीस, सायकलच्या ट्यूबची पट्टी लावलीस. आठ जाळ्या घेऊन मी एसटीने वैरागला गेले तेव्हा मांडीवरचं गाठोडं कुणाच्या हातीसुद्धा दिलं नव्हतं. बाया हसल्या होत्या. दगडाबाई म्हणाली होती, "बैलाला मुसकी तोंडाला, आमाला डोळ्याला व्हय?" तरी आठही जणींनी बांधल्या. आत्याकडे बघून बांधल्या.

निघताना सोनाबाईने तांब्या पुढे केला. मी सवयीने वरून पाणी प्यायला लागले. ती म्हणाली, "तोंड लाव की. एका पाटीतली खडी उचलतोय समद्या, आता कसलं आलंय?" आणि मी पाणी पीत असताना म्हणाली, "खालच्या अंगाला जरा फट ठेवा. घाम पडंल, भुकटी पडंल." एवढी साधी गोष्ट. मी चित्र काढताना तिला किंवा कुणालाच विचारलं नव्हतं.

आणखी एक सांगायचं आहे. जाळ्या वाटल्या त्या दिवशी तासाभरात दगडाबाईने आपली जाळी पदराने तीनदा पुसलेली मी पाहिली होती. मनात आलं होतं, हे बरोबर नाही. पण तुला आनंदाचं पत्र लिहायचं होतं, म्हणून ते लिहिलं नाही.

दुष्काळी कामांच्या साहेबांकडे चारशे जाळ्यांसाठी अर्ज करायचं तू म्हणत होतास. तो आत्ता करू नकोस. आधी जाळी सुधारू.

तुझी,
केसर


कुर्डुवाडी,
शुक्रवार, ९ फेब्रुवारी १९७३

चि. केसर हीस,
जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत उघडलं. फोरमन म्हणाला, "काय हरिदास, पोरगी बघायला बोलावलंय का?" मी म्हटलं, नाही साहेब, समन्स आहे.

तू काही बदलली नाहीस. वैरागचा आपला ओटा आठवतो का? कडुलिंबाच्या सावलीत काका, म्हणजे तुझे आबा, चाळणीला जाळी ठोकत बसायचे आणि आपण दोघं दोन बाजूंनी कड धरायचो. तू सात-आठ वर्षांची असशील. प्रत्येक चाळणी उन्हात धरून भोकं बघायचीस. एकदा बाजारात चाळणी विकून झाल्यावर तुला आठवलं की तिच्यातलं एक भोक मोठं आहे. गिऱ्हाईक पार वेशीपर्यंत गेलं होतं. तू त्याच्यामागे पळत गेलीस, आणि तो बिचारा धुळाप्पा चाळणी डोक्यावर घेऊन परत आला. म्हणाला, "एका भोकानं मी मरत न्हाई, पण ही पोरगी पळून पळून मरंल." काकांनी त्याला दुसरी चाळणी दिली आणि तुला शेंगदाण्याचा लाडू. मला काहीच नाही, कारण ती जाळी मी ठोकली होती.

असो. आता नीट ऐक. सोनाबाईच्या बोटाचं मला वाईट वाटतं. पण बोट बरं होतं. बजाआत्याचा डोळा बरा झाला का? खडीचं काम पावसाळ्यापर्यंत चालणार. रोज कपच्या उडणार. तू जाळी सुधारत बसशील तेवढ्यात आणखी कुणाचा डोळा गेला तर तो कुणाच्या नावावर?

आणि अर्ज मी आधीच दिला आहे. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी. साहेबांना शंका होती की बाया जाळी वापरतील का, म्हणून तुझंच वाक्य जसंच्या तसं उतरवलं: "एका बाईने जाळी कपाळावर सरकवल्यामुळे तिला इजा झाली, ज्यांनी जाळी लावली त्यांना काही झाले नाही." साहेब म्हणाले, बाई लिहिते छान. गुरुवारी १ मार्चला ते वैरागच्या कामावर येणार आहेत. तिथे नमुना बघून ठरवतील.

तोवर तू गप्प राहा, एवढंच मागतो. चारशे जाळ्या ठरल्या तर मी स्टेशनाजवळ टपरी टाकणार आहे. पाटीसुद्धा ठरवली आहे: "धोंडीराम जाळीकाम." काकांनी आयुष्यभर डोक्यावर चाळण्या वाहिल्या, त्यांच्या नावाची पाटी कुठेतरी लागू दे. पुढच्या जाळ्यांना फट ठेवू, शपथ.

तुझा दादा,
हरिदास


सोलापूर,
मंगळवार, १३ फेब्रुवारी १९७३

प्रिय दादास,
जयभीम.

तुझ्या पत्राने मला हसू आलं आणि मग माझंच वाक्य मी तीनदा वाचलं. ते आता माझ्या पत्रात राहिलेलं नाही, अर्जात गेलं आहे.

परवा आत्या आली होती. सोनाबाईचं नाव हजेरीतून काढलं. बोट दुखतं म्हणून ती चार दिवस घरी होती, पाचव्या दिवशी एका हाताने पाट्या उचलायला म्हणून गेली, तर तात्याबा म्हणाला, हयगय करणाऱ्या बाईला काम नाही, वर तसा कागद गेला आहे. आत्याने मला विचारलं, "व्हय गं केसर, तात्याबा म्हणतुया त्यो कागूद तूच लिवलाय. खरं हाय का?" तिच्या एका डोळ्याने ती माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं. ती रागावली नाही. भाकरी थापायला बसली. दादा, ती रागावली असती तर बरं झालं असतं.

तुला आठवतं का, मी शाळेत जायच्या आधी आबांनी मला अक्षरं कशी शिकवली? पाटी नव्हती. नवी चाळणी झाली की परातीत पीठ चाळायचे, परात हलवून ते सपाट करायचे आणि त्यावर माझं बोट धरून गिरवून घ्यायचे. चुकलं की परातीला एक टिचकी. अक्षर जायचं. म्हणायचे, "हितं पुसतंय. कागदावर न्हाय पुसत. कागद हातात यायच्या आदी काय चुकायचं ते हितं चुकून घे." आई ओरडायची, भाकरीचं पीठ आहे ते! तू बाजूला बसून माझी चुकलेली अक्षरं मोजायचास.

आणि त्यांचा दुसरा नियम. कुठलीही चाळणी बाजारात न्यायच्या आधी एक दिवस घरात वापरायची. तुझ्या पहिल्या चाळणीने चाळलेल्या पिठाची भाकरी दिवसभर कचकचत होती. आबांनी त्यातल्या तीन खाल्ल्या आणि तुला म्हणाले, "आता सांग, इकायची का?"

आपण जाळी एक दिवस घरात वापरली नाही. मी आरशासमोर बांधून पाहिली, तीही सावलीत. एक दगड फोडला नाही.

म्हणून काल मी आबांना सगळं सांगितलं. त्यांच्या हातांना आता कंप असतो, पण त्यांनी जाळी घेतली आणि दारातल्या उजेडात धरली. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ही तर पिठाची हाय. म्या हरीला बाजरीची सांगितलीती."

मी म्हटलं, पिठाच्या चाळणीसारखी बारीक असली तर कपची येणार नाही म्हणून घेतली असेल. ते म्हणाले, "चाळणी अडवाया नसती, बाळ. सोडाया असती. काय आत यायला पायजे ते आदी बगायचं. हितं उजेड आत यायला पायजे."

दादा, आबांनी तुला बाजरीची सांगितली होती का? तू मला हे कधी बोलला नाहीस. आबा विसरतात हल्ली, म्हणून विचारते. रागाने विचारत नाही.

केसर


कुर्डुवाडी,
गुरुवार, २२ फेब्रुवारी १९७३

चि. केसर,
जयभीम.

उत्तराला उशीर झाला. कामाची गर्दी होती असं लिहिणार होतो. नव्हती.

काका विसरलेले नाहीत. जानेवारीत मी सोलापूरला आलो होतो, तू दुकानातून सामान आणायला गेली होतीस, तेव्हा त्यांनी मला बाजरीची घे म्हणून सांगितलं. मी हो म्हटलं. पण इथे एका भंगारवाल्याकडे बारीक जाळीचा अख्खा गुंडाळा पडला होता, नवाकोरा. आणि खरं सांगू? मला वाटलं हीच चांगली. आपल्या धंद्यात बारीक म्हणजे भारी. बाजरीच्या चाळणीवरून पिठाच्या चाळणीवर हात बसला की काका म्हणायचे, आता तू कारागीर झालास. तेच डोक्यात. बाया दगड फोडणार आहेत, पीठ चाळणार नाहीत, हे काही मनात आलं नाही.

तुझं पत्र आल्यावर मी चिडलो. चार दिवस चिडलेलाच होतो. मग एका दिवशी वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत उन्हात बसलो आणि ती जाळी बांधून दगड फोडायला घेतले. बरोबरचे लोक जमले. चन्नवीर म्हणाला, "का रे, रेल्वेनं काढून टाकलं का?" अर्धा तास चाललं असेल. घाम, भुकटी, मग काहीच दिसेना. दगड हाताने चाचपडत होतो. एक घाव अंगठ्याच्या नखावर बसला. फार लागलं नाही. नख काळं झालं आहे. सोनाबाईने त्यातून दिवसभर काम केलं.

परवा अर्ज परत घ्यायला साहेबांच्या ऑफिसात गेलो. दारापर्यंत गेलो. शिपाई म्हणाला, काय काम आहे? मी म्हटलं, काही नाही, आणि परत आलो. साहेबांनी माझ्याकडे बघून "शाबास" म्हटलं होतं ना. तेच कानात घुमत होतं. हे तुला सांगायला मला लाज वाटते, पण तुला न सांगून आधीच एक घोळ केला आहे.

सोबतच्या पार्सलात दोन नव्या जाळ्या आहेत. बाजरीच्या. कड बोटभर पुढे काढली आहे आणि खाली फट आहे, सोनाबाईने सांगितली तशी. एक अडचण आहे ती लिहून ठेवतो: मोठी कपची हिच्यातून येणार नाही, पण बारीक कण येईल का, हे मला माहीत नाही. मी तासभर फोडून पाहिले, आला नाही. तासभर म्हणजे दिवसभर नव्हे. बारीक गुंडाळा मी त्याच भंगारवाल्याकडे टाकून आलो.

पाटी रंगवायला दिली होती, ती थांबवली.

१ मार्चला मला रजा नाही. तुला जे बरं वाटेल ते कर. मी तुला गप्प राहा म्हटलं होतं, ते परत घेतो.

हरिदास


सोलापूर,
रविवार, २५ फेब्रुवारी १९७३

प्रिय दादास,
जयभीम.

पार्सल मिळालं. तुझं पत्र मी आबांना वाचून दाखवलं, सगळं, दारापर्यंत जाऊन परत आलास तेही. तुला चालणार नाही असं वाटलं, पण अर्धं वाचणं मला जमलं नसतं. आबा ऐकून म्हणाले, "नखाला हळद लाव म्हणावं." आणि वर, "दारापतूर गेला न्हवं? बाकीचं ऱ्हायलंय ते तू जा." एवढंच.

काल मी घरासमोर उन्हात बसले. गल्लीच्या टोकाला पाडलेल्या भिंतीचे दगड होते, ते पाटीने आणले. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत नवी जाळी बांधून फोडले. शेजारच्या बाईंना वाटलं आमच्यावर फार वाईट दिवस आले, त्या ताक घेऊन आल्या. दुपारी घाम आला, भुकटी बसली, खालच्या फटीतून गळून गेली. बोटं दिसत होती. शेवटपर्यंत दिसत होती. आबा समोर पोत्यावर बसले होते. मधेच उठायचे, माझी पापणी वर करून डोळा बघायचे, परत बसायचे, लहानपणी वावटळीनंतर बघायचे तसे. एक कण गेला, दुपारी, डाव्या डोळ्यात. पाण्याने निघाला. बाजरीच्या दाण्याहून पुष्कळ बारीक होता. लाल व्हायचं ते झालं, आज उतरलं आहे. हे मी लपवणार नाही. साहेबांना तेही सांगेन, की हिने मोठी कपची अडते, बारीक कण क्वचित येतो, म्हणून प्रत्येकीजवळ स्वच्छ पाण्याचा तांब्या हवा. मग त्यांनी ठरवावं, चारशे की चाळीस की काहीच नाही.

माझे दोन्ही हात फोडांनी भरले आहेत, म्हणून अक्षर असं आलं आहे. सोनाबाई हे काम दिवाळीपासून करते आहे.

नवा अर्ज लिहून झाला आहे. त्यात पहिलं वाक्य असं आहे: "आधीच्या अर्जातील सोनाबाईंविषयीचा मजकूर माझ्या पत्रावरून घेतलेला असून तो खोटा आहे, जाळी त्यांच्या डोळ्यांवर होती व दोष जाळीचा होता." आधी "चुकीचा" लिहिलं होतं. मग ते खोडून "खोटा" केलं. कागदावरची खोड दिसते, पण राहू दे. दुसऱ्या वाक्यात त्यांचं नाव हजेरीत परत घ्यावं अशी विनंती आहे. तिसऱ्यात जाळी कुणी केली ते आहे: आराखडा केसर धोंडीराम, बांधणी हरिदास, खालची फट सोनाबाई. तुला हे आवडेल की नाही ठाऊक नाही. पाटीवर आबांचं नाव घाल, पण कागदावर तिचं असू दे.

मला भीती वाटते, दादा. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा आवाज बसतो हे तुला माहीत आहे. तात्याबा तिथे असेल, चिडेल. साहेब कदाचित म्हणतील, ज्यांना आपली जाळी आपणच खोटी ठरवायची आहे त्यांच्याकडून काय घ्यायचं? मग टपरी नाही, पाटी नाही, आणि दोष सगळा माझा. काल रडू येत होतं. तेव्हा आबांनी आतून परात आणली, पीठ पसरलं आणि मला म्हणाले, "काय बोलायचं ते हितं लिव." कापऱ्या हाताने त्यांनी माझं बोट धरलं. मी लिहिलं. त्यांनी वाचलं, आणि परातीला टिचकी मारली नाही. तशीच उचलून फळीवर ठेवली. आज आईने दुकानातून तयार पीठ आणवलं.

आत्याला निरोप गेला आहे. एक नवी जाळी सोनाबाईसाठी, एक माझ्यासाठी. हजेरीच्या वेळेला मी तिच्या शेजारी खडीवर बसणार, साहेब येईपर्यंत फोडत राहणार, आणि ते आले की जाळी न काढता उठून बोलणार. आबाही येतो म्हणतात. बुधवारी संध्याकाळच्या एसटीने आम्ही वैरागला आत्याकडे मुक्कामाला जातो. कामावर जायचं ते गुरुवारी, १ मार्चला, सकाळी सातच्या हजेरीला.

तुझी,
केसर